बारा गेम जिंकूनही हार

पुण्याच्या शनिवार पेठेतून ओंकारेश्वराच्या बाजूने मुठा नदी ओलांडली आणि पंधरावीस मिनिटे चालले की डेक्कन जिमखान्याची टेनिस कोर्टे लागतात. थंडीच्या दिवसांत या कोर्टांवर गेली अनेक वर्षे आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या महिलांच्या स्पर्धा भरत आल्या आहेत. शहराच्या दुसऱ्या टोकाला बालेवाडीच्या क्रीडानगरीत नोव्हेंबर २०१२ मध्ये 'रॉयल इंडियन ओपन' ही व्यावसायिक महिलांची स्पर्धा झाली. तिच्या एकेरीच्या अंतिम सामन्यात अठरा वर्षांच्या एलिना स्वितोलिनाने बेचाळीस वर्षांच्या किमिको दाते-क्रुम हिला हरवले. एप्रिल २०२५ मध्ये तेथेच बिली जीन किंग चषकाच्या आशिया-ओशनिया गटाचे सामने झाले. थोडक्यात, मोठ्या दर्जाचे महिला टेनिस पाहायचे तर पुण्याच्या विद्यार्थ्यांना फार लांब जावे लागत नाही.

अशा स्पर्धेला गेलात तर एकेरीच्या सामन्यानंतर उठून घरी जाऊ नका. दुहेरीचा सामना जरूर पाहा. त्यात एक गोष्ट तुमच्या लक्षात येईल. एकेरीत दोघींनी एकेक सेट जिंकला की तिसरा सेट सुरू होतो. दुहेरीत मात्र बहुतेक स्पर्धांत तिसरा सेट नसतोच! त्याच्या जागी दहा गुणांचा एक छोटा डाव होतो आणि दहाबारा मिनिटांत निकाल लागतो. याला 'सुपर टायब्रेक' म्हणतात.

या छोट्या डावाने काय होऊ शकते याचे एक उदाहरण पुण्याशी नाते सांगणारे आहे. अंकिता रैना ही मूळची अहमदाबादची. पण तिचे टेनिस घडले ते पुण्यात, हेमंत बेंद्रे यांच्या मार्गदर्शनाखाली. टोकियो ऑलिंपिकमध्ये २५ जुलै २०२१ रोजी सानिया मिर्झा आणि अंकिता यांची गाठ युक्रेनच्या नादिया व ल्युडमिला किचेनोक या जुळ्या बहिणींशी पडली. पहिला सेट भारतीय जोडीने ६-० असा एकतर्फी जिंकला. दुसरा सेट ६-७ असा निसटला. मग सुपर टायब्रेक झाला आणि तो ८-१० असा गेला. आता गेम मोजा. भारतीय जोडीचे सहा आणि सहा, म्हणजे बारा गेम; युक्रेनच्या जोडीचे सात. बारा गेम जिंकणाऱ्या हरल्या आणि सात जिंकणाऱ्या पुढच्या फेरीत गेल्या.

हा अन्याय झाला काय? हळहळ वाटणे साहजिक आहे. पण नियम दोन्ही बाजूंना आधीच ठाऊक होते, तेव्हा अन्याय म्हणता येणार नाही. विज्ञानाच्या विद्यार्थ्याने विचारावा असा प्रश्न वेगळा आहे. गुण मोजण्याची पद्धत बदलली तर चांगली जोडी जिंकण्याची शक्यता किती बदलते? हे आकड्यांत सांगता येईल काय? सांगता येते, आणि त्यासाठी शाळेत शिकवतात त्या संभाव्यतेपलीकडे काही लागत नाही.

दुहेरीचे मैदान

हिशेबाकडे वळण्याआधी दुहेरीचे कोर्ट नजरेसमोर आणू. टेनिसच्या कोर्टाची लांबी ७८ फूट (२३.७७ मीटर) असते. एकेरीसाठी रुंदी २७ फूट असते. दुहेरीसाठी दोन्ही कडांना साडेचार-साडेचार फुटांची पट्टी जोडून ती ३६ फूट (१०.९७ मीटर) होते. शनिवार पेठेतल्या जुन्या वाड्याच्या चौकात किंवा मेहुणपुऱ्याच्या बोळात हे कोर्ट आखायचा विचारसुद्धा करू नका; शाळेच्या पटांगणावर मात्र खडूने आखून पाहण्यासारखे आहे. म्हणजे एक गंमत कळेल. रुंदी वाढली ती फक्त एक तृतीयांशाने, खेळाडू मात्र दुप्पट झाले. एकेरीत एकटीला २७ फूट सांभाळावे लागतात, दुहेरीत प्रत्येकीच्या वाट्याला १८ फूटच येतात. म्हणून मोकळी जागा सापडणे कठीण होते. एक खेळाडू जाळ्याजवळ उभी राहून चेंडू हवेतच अडवते, दुसरी मागे राहते आणि कित्येक गुण चारपाच फटक्यांतच संपतात. कोणती जोडी वरचढ आहे हे एकदोन गुणांवरून ओळखणे अवघड जाते. वरचढपणा असतो, पण तो थोडा असतो आणि अनेक गुण खेळल्यावरच उघड होतो.

या 'थोड्या' वरचढपणालाच आपण अंक देऊ. समजा, 'क' जोडी 'ख' जोडीपेक्षा किंचित सरस आहे. दोघींमध्ये खेळलेल्या प्रत्येक १०० गुणांपैकी सरासरी ५५ गुण क जिंकते आणि ४५ ख जिंकते. म्हणजे कोणताही एक गुण क ने जिंकण्याची संभाव्यता ०.५५.

सुपातले धान्य

एकच गुण खेळून सामना संपवला तर क जोडी १०० पैकी ५५ वेळा जिंकेल. म्हणजे जवळजवळ नाणेफेकच. पाच गुण खेळून तीन जिंकणारी ती विजयी असे ठरवले तर क ची संभाव्यता ५९ टक्के होते. एकोणीस गुण खेळून दहा जिंकायचे ठरवले तर ६७ टक्के. एकशे एक गुण खेळले तर सुमारे ८४ टक्के आणि दोनशे एक गुण खेळले तर सुमारे ९२ टक्के.

पाहिलेत ना? क जोडी पहिल्याइतकीच चांगली आहे, तिच्या खेळात काडीचा फरक पडलेला नाही. खेळ लांबला एवढेच. आजी सुपात धान्य पाखडते तेव्हा पहिल्या फटक्याला थोडा कोंडा उडतो, बराच राहतो. दहावीस फटके मारले की धान्य आणि कोंडा वेगळे होतात. धान्य जड असते ते पहिल्या फटक्यालाही जडच असते. पण तो जडपणा दिसून यायला फटके पुष्कळ लागतात.

टेनिसची गुणपद्धती हे असेच एक सूप आहे. पण त्याची घडण साधी नाही. गुणांचा गेम, गेमांचा सेट आणि सेटांचा सामना अशी त्याला तीन पदरी विणकाम आहे. प्रत्येक पदरात लहानसा फरक थोडा मोठा होतो. किती, ते मोजू.

गेमचा हिशेब

गेम जिंकण्यासाठी चार गुण लागतात. (ते १, २, ३ असे न मोजता १५, ३०, ४० असे का मोजतात याविषयी अनेक कथा आहेत, त्यात आपण शिरायला नको.) क जोडीने एकही गुण न गमावता गेम जिंकण्याची संभाव्यता ०.५५ चा चौथा घात, म्हणजे ०.०९१५. एक गुण गमावून जिंकायचा असेल तर तो गमावलेला गुण पहिल्या चारांपैकी कोणताही असू शकतो. शेवटचा असू शकत नाही, कारण शेवटचा गुण जिंकल्यानेच गेम संपतो. म्हणून ४ × ०.०९१५ × ०.४५ = ०.१६४७. दोन गुण गमावून जिंकण्याचे प्रकार दहा होतात. त्यांची संभाव्यता १० × ०.०९१५ × ०.४५ × ०.४५ = ०.१८५३. या तिन्हींची बेरीज ०.४४१५.

राहिली ती ४०-४० ची अवस्था, म्हणजे ड्यूस. दोघींचे तीन-तीन गुण झालेले असतात. सहा गुणांतून तीन निवडण्याचे प्रकार वीस, म्हणून तिची संभाव्यता २० × (०.५५)³ × (०.४५)³ = ०.३०३२. म्हणजे दर दहा गेमांतील तीन गेम ड्यूसपर्यंत जातात. सामना पाहताना वहीत टिपून ठेवा आणि हा अंदाज कितपत जमतो ते पाहा.

ड्यूसनंतर जुन्या पद्धतीत सलग दोन गुण जिंकावे लागतात. येथे हिशेब कधी संपणारच नाही असे वाटते, कारण ड्यूस पुनःपुन्हा होऊ शकतो. पण त्यावर एक सुंदर युक्ती आहे. गुणांकडे जोडीजोडीने पाहा. दोन्ही गुण क जिंकेल याची संभाव्यता ०.५५ × ०.५५ = ०.३०२५. दोन्ही ख जिंकेल याची ०.४५ × ०.४५ = ०.२०२५. एक-एक वाटून गेला तर पुन्हा ड्यूस, म्हणजे जणू काहीच घडले नाही. तेव्हा कधीतरी निकाल लागतो तो ०.३०२५ आणि ०.२०२५ याच प्रमाणात. दोहोंची बेरीज ०.५०५. म्हणून ड्यूसवरून क ने गेम जिंकण्याची संभाव्यता ०.३०२५ ÷ ०.५०५, म्हणजे जवळजवळ ०.६०. अनंत चालू शकणारा खेळ एका भागाकारात मावला!

आता बेरीज करा. ०.४४१५ + (०.३०३२ × ०.५९९) = ०.६२३. गुणांवरचे ५५ टक्के गेममध्ये ६२ टक्के झाले.

आजच्या व्यावसायिक दुहेरीत ड्यूसची ही पुनरावृत्ती ठेवलेली नाही. ४०-४० झाले की एकच निर्णायक गुण खेळतात. सर्व्हिस कोणत्या बाजूने घ्यायची हे समोरची जोडी ठरवते आणि तो गुण जिंकेल त्याचा गेम. मग ड्यूसवर क ची संभाव्यता ०.६० न राहता साधी ०.५५ राहते आणि गेमची ०.६०८ होते.

०.६२३ च्या जागी ०.६०८. फरक दीड टक्क्याचा. एवढ्याने काय बिघडते, असे तुम्ही म्हणाल. थांबा.

सेट आणि सामना

सेटचा हिशेब याच रीतीने करायचा, फक्त चार गुणांच्या जागी सहा गेम घ्यायचे आणि सहा-सहा बरोबरी झाली तर सात गुणांचा टायब्रेक. आकडेमोड लांबलचक आहे, पण अवघड नाही. दहावीच्या विद्यार्थ्याने रविवारी दुपारी बसून करावी अशी आहे. येथे उत्तरेच देतो. जुन्या पद्धतीने गेम खेळले तर क जोडी सेट जिंकण्याची संभाव्यता ०.८१५ येते. निर्णायक गुणाच्या पद्धतीने ती ०.७८६ येते. गेममधला दीड टक्क्याचा फरक सेटमध्ये जवळजवळ तीन टक्के झाला.

आता सामना. जुन्या पद्धतीत तीनपैकी दोन सेट जिंकायचे. क जिंकण्याची संभाव्यता ०.९१. म्हणजे १०० गुणांत ५५ जिंकणारी जोडी १०० सामन्यांत ९१ जिंकते! टेनिसच्या गुणपद्धतीची ताकद ही अशी आहे. बुद्धिबळात किंवा फुटबॉलमध्ये किंचित सरस बाजूला इतकी खात्री मिळत नाही.

नव्या पद्धतीत सेट एक-एक झाल्यावर दहा गुणांचा सुपर टायब्रेक येतो. तो दोन गुणांच्या फरकाने जिंकावा लागतो. क जोडी तो जिंकण्याची संभाव्यता ०.६७९. येथे क्षणभर थबका. तिसरा पूर्ण सेट खेळला असता तर ही संभाव्यता ०.८१५ असती. म्हणजे निर्णायक डावात सरस जोडी हरण्याची शक्यता शंभरात साडेअठराच्या जागी बत्तीस झाली. टोकियोत सानिया आणि अंकिता त्या बाकावरून उठून सुपर टायब्रेकला उभ्या राहिल्या तेव्हा बारा-सात या गेमांच्या हिशेबाला काही किंमत उरली नव्हती. पाटी कोरी झाली होती आणि नवे लेखन फार थोडक्यात आटोपणार होते.

सगळे मिळून नव्या पद्धतीत क जोडी सामना जिंकण्याची संभाव्यता ०.८४६ येते. जुन्या पद्धतीत ती १०० पैकी ९ सामने हरत होती, आता १५ हरेल. यातला दोष निर्णायक गुणाचा किती आणि सुपर टायब्रेकचा किती? नुसता निर्णायक गुण आणला आणि तिसरा सेट पूर्ण ठेवला तर ०.८८२ येते. म्हणजे घसरणीचा थोडा कमी अर्धा भाग निर्णायक गुणाने झाला आणि थोडा जास्त अर्धा भाग सुपर टायब्रेकने. प्रेक्षकांचे लक्ष सुपर टायब्रेककडे असते. पण प्रत्येक गेममध्ये शिरलेला तो एक निर्णायक गुण मुकाट्याने जवळजवळ तितकेच काम करीत असतो.

हा बदल केला कशासाठी?

वेळेसाठी. तीन पूर्ण सेटांचा सामना तासाभरात संपेल की अडीच तास चालेल हे सांगता येत नाही. संयोजकांना कोर्टांचे वेळापत्रक लावायचे असते, दूरचित्रवाणीला कार्यक्रमाची वेळ हवी असते आणि एकेरीत खेळणाऱ्या नामवंत खेळाडू दमण्याच्या भीतीने दुहेरीत उतरत नाहीत. गुणपद्धती आखूड करावी ही कल्पना अमेरिकेच्या जेम्स व्हॅन ॲलन यांनी फार पूर्वीपासून लावून धरली होती. १९७० च्या अमेरिकन खुल्या स्पर्धेत टायब्रेक प्रथम आला तो त्यांच्याच प्रयत्नांमुळे. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात व्यावसायिक दुहेरीने, आधी पुरुषांच्या आणि मग महिलांच्या, निर्णायक गुण आणि सुपर टायब्रेक हे दोन्ही स्वीकारले. चार मोठ्या ग्रँड स्लॅम स्पर्धांत मात्र महिला दुहेरीचा तिसरा सेट अजून खेळला जातो.

पूर्ण तिसरा सेट असता म्हणजे आपल्याच खेळाडू जिंकल्या असत्या, असे मुळीच समजू नका. बार्शीची प्रार्थना ठोंबरे २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये सानियाच्या जोडीने खेळली. चीनच्या झांग श्वाई व पेंग श्वाई यांच्याविरुद्ध तिसरा सेट पूर्ण झाला आणि तो ५-७ असा गेला. या दोघींनीच दोन वर्षांपूर्वी इंचिऑनच्या आशियाई स्पर्धेत कांस्यपदक मिळवले होते. लांब पद्धत सरस जोडीची बाजू घेते. सरस कोण आहे हे आधीच कोणी सांगून ठेवलेले नसते.

सोळा जोड्यांची स्पर्धा

एका सामन्यापुरता सहा टक्क्यांचा फरक तसा सोसण्यासारखा आहे. पण स्पर्धा म्हणजे एक सामना नव्हे. डेक्कन जिमखान्यावर असो की आणखी कोठे, सोळा जोड्यांच्या बाद पद्धतीच्या स्पर्धेत विजेतेपदासाठी लागोपाठ चार सामने जिंकावे लागतात. (एकूण सामने किती होतील? कागदावर तक्ता न काढता सांगा. प्रत्येक सामन्यात एक जोडी बाद होते आणि शेवटी एकच उरते, तेव्हा पंधरा!) क जोडी प्रत्येक प्रतिस्पर्ध्यापेक्षा तेवढीच सरस आहे असे धरू. जुन्या पद्धतीत तिने स्पर्धा जिंकण्याची संभाव्यता ०.९१ चा चौथा घात, म्हणजे सुमारे ०.६९. नव्या पद्धतीत ०.८४६ चा चौथा घात, सुमारे ०.५१. तीनातील दोन स्पर्धा जिंकणारी जोडी आता दोनातील एक जिंकते.

ज्या खेळाडू छोट्या स्पर्धांतून गुणानुक्रम वाढवत मोठ्या स्पर्धांच्या दारापर्यंत पोहोचू पाहतात, त्यांच्या दृष्टीने हा फरक मामुली नाही. प्रवासाचा, मुक्कामाचा खर्च पदरचा असतो आणि पहिल्याच फेरीत ८-१० अशी हार झाली की आठवडा वाया जातो. उलट बाजूनेही पाहिले पाहिजे. नवख्या, कमी अनुभवी जोडीला हीच पद्धत दिलासा देते. 'ख' जोडीला शंभरातील नऊ संधी होत्या, त्या पंधरा झाल्या. एखाद्या गुणी मुलीला नामवंत जोडीला हरवून वर येण्याची वाट थोडी रुंद झाली. माझे मत विचाराल तर दुहेरीचा तिसरा सेट गेला हे वाईट झाले. पण निर्णायक गुणाच्या वेळी कोर्टावर जी शांतता पसरते ती पाहण्यासारखी असते, हेही कबूल केले पाहिजे.

एक्केचाळीस आणि एकशे नऊ

आता सानिया मिर्झा आणि स्वित्झर्लंडची मार्टिना हिंगिस या जोडीच्या पराक्रमाकडे पाहू. २०१५ च्या अमेरिकन खुल्या स्पर्धेपासून २०१६ च्या फेब्रुवारीपर्यंत या दोघींनी लागोपाठ ४१ सामने जिंकले. त्यातले दोन ग्रँड स्लॅम स्पर्धांतले सामने तेवढे पूर्ण तिसऱ्या सेटच्या पद्धतीचे. बाकीचे आखूड पद्धतीचे.

हे किती कठीण होते? प्रत्येक सामना जिंकण्याची संभाव्यता ०.८४६ असती तर ४१ सामने सलग जिंकण्याची संभाव्यता हजारात एक इतकीच. तेव्हा त्या प्रतिस्पर्ध्यांपेक्षा पुष्कळ सरस असल्या पाहिजेत. १०० पैकी ६० गुण जिंकणारी जोडी घेतली तर आखूड पद्धतीत ती ९७.८ टक्के सामने जिंकते. तरीही सलग ४१ जिंकण्याची संभाव्यता ०.४१ च येते, निम्म्याहून कमी. जुन्या पद्धतीत हीच जोडी ९९.६ टक्के सामने जिंकते आणि ४१ च्या मालिकेची संभाव्यता ०.८५ होते.

ही मालिका तुटली कशी? दोहा येथे डारिया कासात्किना आणि एलेना वेस्निना यांनी सानिया-हिंगिसना हरवले. पहिला सेट सानिया-हिंगिसनी ६-२ जिंकला, दुसरा ४-६ गेला आणि सुपर टायब्रेक ५-१० गेला. येथेही गेम मोजा. हरणाऱ्यांचे दहा, जिंकणाऱ्यांचे आठ.

जुन्या काळातला विक्रम याच्या शेजारी ठेवण्यासारखा आहे. मार्टिना नवरातिलोव्हा आणि पॅम श्रायव्हर यांनी १९८३ ते १९८५ या काळात सलग १०९ सामने जिंकले. विम्बल्डनच्या १९८५ च्या अंतिम सामन्यात कॅथी जॉर्डन आणि लिझ स्मायली यांनी त्यांना थांबवले, तेही तिसऱ्या पूर्ण सेटमध्ये. १०० पैकी ६० गुण जिंकणाऱ्या जोडीला जुन्या पद्धतीत १०९ सामन्यांची मालिका साधण्याची संभाव्यता ०.६५, नव्या पद्धतीत ०.०९. खेळ तोच, जोडीही तितकीच चांगली. या दोन विक्रमांची तुलना करणाऱ्याने ४१ आणि १०९ हे आकडे नुसते शेजारी ठेवून चालणार नाही.

एक शंका

चाणाक्ष वाचकाने एव्हाना हरकत घेतली असेल. प्रत्येक गुणाची संभाव्यता सारखीच कशी? सर्व्हिस करणाऱ्या बाजूला फायदा असतो. शिवाय खेळाडू म्हणजे नाणी नव्हेत. त्यांना जोर चढतो, दडपण येते.

हरकत बरोबर आहे. सर्व्हिस आळीपाळीने बदलते, त्यामुळे ०.५५ ही सरासरी धरली तर आपल्या उत्तरांत फार फरक पडत नाही. दडपणाचे काय, याची छाननी फ्रांक क्लासन आणि यान माग्नुस या डच संशोधकांनी केली. विम्बल्डनमधील १९९२ ते १९९५ या वर्षांच्या एकेरीतील सुमारे ९०,००० गुण त्यांनी तपासले. मागचा गुण जिंकलेल्याला पुढच्या गुणावर किंचित लाभ होतो आणि महत्त्वाच्या गुणावर सर्व्हिस करणाऱ्याचा फायदा किंचित घटतो, असे त्यांना आढळले. पण हे परिणाम लहान आहेत. सर्व गुण सारखे धरून केलेला हिशेब बऱ्यापैकी जुळतो. दुहेरीत दोघींचा परस्परांवर परिणाम होत असल्याने तेथे हे प्रमाण वेगळे असू शकेल. तेव्हा आपले आकडे पंचांगातल्या ग्रहणाच्या वेळेसारखे अचूक समजू नयेत. दिशा आणि साधारण माप त्यांतून कळते.

वर्गात करून पाहा

शनिवार पेठेतील एखाद्या शाळेत चाळीस विद्यार्थ्यांचा वर्ग आहे असे धरू. प्रत्येकाने साधारण सारख्या आकाराचे वीस चिंचोके घ्यावेत. अकरांवर शाईचा ठिपका द्यावा आणि नऊ तसेच ठेवावेत. सगळे एका पिशवीत टाकावेत. न पाहता एक चिंचोका काढायचा. ठिपक्याचा निघाला तर गुण क चा, बिनठिपक्याचा निघाला तर ख चा. नोंद करून चिंचोका परत पिशवीत टाकायचा आणि पिशवी हलवायची. परत टाकायला विसरू नका. नाहीतर पुढच्या गुणाची संभाव्यता बदलेल आणि सगळा प्रयोग फसेल.

प्रत्येकाने आधी दहा गुणांचा एक सुपर टायब्रेक खेळावा. मग जुन्या पद्धतीचा एक पूर्ण सेट खेळावा, ड्यूस आणि टायब्रेकसह. सेटला वेळ लागेल, हात दुखतील. शिक्षकांनी दोन तास राखून ठेवावेत. शेवटी फळ्यावर दोन आकडे लिहावेत: चाळीसपैकी किती सुपर टायब्रेक क ने जिंकले आणि किती सेट.

गणिताप्रमाणे सुपर टायब्रेक सुमारे २७ आणि सेट सुमारे ३३ यायला हवेत. नेमके तसे येणार नाहीत. दोनतीन इकडेतिकडे होणे हा चिंचोक्यांचा धर्म आहे, आणि एखाद्या वर्गात दोन्ही आकडे सारखे आले तरी हिशेब चुकला असे समजू नये. शेजारच्या तुकडीचे आकडे मिळवले की चित्र अधिक स्पष्ट होईल.

ज्यांना एवढ्याने समाधान होणार नाही त्यांच्यासाठी एक जादा काम. सुपर टायब्रेक दहाऐवजी एकवीस गुणांचा केला, दोन गुणांच्या फरकाची अट तशीच ठेवली, तर क ची संभाव्यता किती होईल? आधी अंदाज करा, मग चिंचोक्यांनी तपासा. उत्तर सुमारे ७४ ते ७५ टक्के येते. म्हणजे डाव दुपटीहून लांबवूनही तो पूर्ण सेटच्या साडेएक्क्याऐंशी टक्क्यांपर्यंत पोहोचत नाही.